अक्षरी दर

पोयनाडच्या नाक्यावर, सायकलच्या दुकानामागे माझी शेड.
आठ बाय तीनचा पत्रा, पिवळी जमीन, लाल अक्षरं:
मा. ना. गोविंदशेठ पेरेकर
आणि खाली, पार उजवीकडे सरकवलेला एकच शब्द: मंत्री.
डावीकडे कोरी जागा.
"ती सोडून ठेव," विलास म्हणाला. "खातं यायचंय अजून."

शपथ झाली मंगळवारी. आज दुसरा सोमवार.
रोज संध्याकाळी विलास येतो, उभ्यानेच भजी खातो
आणि त्या कोऱ्या जागेकडे
लग्नाला उशीर झालेल्या भावाकडे बघावं तसं बघतो.

पहिल्या दिवशी म्हणाला, गृह.
मी टेप लावला. दोनच अक्षरं,
एवढ्या जागेत एकटी पडतील, मोठी काढावी लागतील.
"मोठीच काढ."
तिसऱ्या दिवशी महसूल.
पाचव्या दिवशी सार्वजनिक बांधकाम,
आणि कंसात: सार्वजनिक उपक्रम वगळून.
कंसाचे पैसे वेगळे, मी म्हटलं.
तो हसला नाही.

तीस वर्षं अक्षरी दराने रंगवतोय, एवढं कळलंय:
जड खात्यांची नावं आखूड असतात.
गृह. वित्त. ऊर्जा.
हलकं होत गेलं की लांबत जातं,
व, आणि, तसेच जोडले जातात,
वाढप कमी पडलं की पानात
मीठ, लिंबू, कोशिंबीर पसरून वाढावी तसे.
त्यावर माझं घर चालतं.
जो खाली घसरतो तो मला चार अक्षरं जास्त देतो.

रात्री यादी आली.
विलासने फोन नुसता माझ्यापुढे धरला.
बेचाळीस नावं. त्याचं बोट खाली, खाली, आणखी खाली,
खारभूमी विकास.
फटाक्यांची माळ सीटखाली तशीच ठेवून गाडी गेली.
ठाण्याहून आलेला भाचा विचारतो,
"मामा, खारींना पण मंत्री असतो?"

मी ब्रश धुतला. लाल रंगाचा नवा डबा उघडला.
आमची साडेतीन एकर त्या शब्दात आहे.
बाहेरकाठ्याला खांड पडली त्याला सहा वर्षं झाली.
बाप जिथे राता भात लावायचा
तिथे आता तिवरं उभी आहेत, कुणी न लावता.
अर्ज घेऊन गेलो तर अलिबागेत बाई म्हणाल्या,
हे आमच्याकडे नाही, खारभूमीकडे; पेणला जा.
पेणचे साहेब म्हणाले, बांध खाजगी आहे.
समुद्र कुणाचा, हे मी विचारलं नाही.

म्हणून भूचा ऊकार जरा खोल काढला.
मीची वेलांटी कुणी बघणार नव्हतं, तरी दोनदा पुसून काढली.

पत्रा न्यायला कोणी आलं नाही.
अर्धे पैसे बाकी. विलास फोन उचलत नाही.
शेठ नाराज आहेत, पेपरात आलंय;
दालन बघून आले, खुर्चीत बसले नाहीत.

अमावस्येच्या उधाणाला उघाडीचं दार निखळलं.
रात्री एकला पांडूकाका हाका मारत आला:
"तुजा तो पतरा दे रं! पानी शेतान शिरलं!"
नऊ जण, दोन वासे, काथ्या, कमरेपर्यंत चिखल.
"अक्षरं आत का भायेर?" अंधारात कुणीतरी विचारलं.
बाहेर, मी म्हटलं. खाडीकडे.
मग पहाटेपर्यंत पाणी त्या नावाला ढुशा देत राहिलं
आणि आम्ही पाठीमागून खांदा लावून उभे.

सकाळी ओहोटीला बघितलं.
गोविंदशेठ चिखलाने भरले होते.
खारभूमी दिसत होतं.
विकासच्या विपासून एक खेकडा तिरका चालत
मंत्रीपर्यंत गेला, तिथून खाली भोकात.

वहीत बाकी तशीच आहे, कंसाशिवाय.
दुपारी पुन्हा भरती.
पत्रा किती धरेल सांगता येत नाही.
रंग ऑइलचा आहे.